रेड वाईनचा चोथा बुडवायला नेमकं काय वापरायचं

सप्टेंबर उजाडला की आमच्या ओळखीतल्या एखाद्या घरून हमखास फोन येतो, की अगं द्राक्षं आणली, चिरडली, यीस्ट टाकलं आणि आज सकाळी बघते तर सगळी सालं वर येऊन गच्च बसलीत, खालचा रस दिसतच नाहीये, ती खाली ढकलायला काय वापरू, पावभाजीचा मॅशर चालेल का? मी दरवेळी तेच सांगते, की बादलीभर माल असेल तर चालेल पण हलक्या हाताने, आणि मोठा टब असेल तर नाही चालणार, आणि मग का नाही हे सांगण्यात अर्धा तास जातो. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

आम्ही राहतो कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोजवळ. इथून दक्षिणेला तासाभराच्या आत लोडाय लागतं, झिनफंडेल द्राक्षांसाठी नावाजलेला भाग, शंभर वर्षांपेक्षा जुन्या वेली अजून उभ्या आहेत तिथे. घरी वाईन करणाऱ्यांना द्राक्षं थेट मळ्यावरून मिळतात. इथल्या फेडरल कायद्याप्रमाणे घरात एकच सज्ञान माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन (एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास) आणि दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन वाईन स्वतःपुरती करता येते, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात तसं नाही, तिकडे परवान्याशिवाय घरी वाईन करणं कायद्यात बसत नाही, त्यामुळे तिकडच्या वाचकांनी हे वायनरीच्या आत काय चालतं ते समजून घ्यायला वाचा. नाशिकला जानेवारी ते मार्चच्या हंगामात कुठल्या वायनरीत गेलात तर हाच चोथा आणि हीच खटपट मोठ्या टाकीत चाललेली दिसेल.

आधी हा चोथा वर येतो कशाला ते बघू, कारण ते कळलं की अवजार कसं हवं हे आपोआप कळतं.

एक काळं द्राक्ष घ्या आणि सोलून बघा. आतला गर पांढुरका, हिरवट असतो, लाल नसतो. काही मोजक्या जाती सोडल्या तर सगळा रंग सालात असतो, आणि वाईन पिताना जिभेवर, हिरड्यांवर जो तुरटपणा जाणवतो ते टॅनिन काही सालात आणि काही बियांत असतं. म्हणून रेड वाईनला रस आधी गाळून घेत नाहीत, साल, बी, गर, रस असा सगळा काला एकत्रच आंबवतात, त्याला मस्ट म्हणतात. यीस्ट रसातली साखर खातं आणि त्याचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. हा गॅस किती निघतो याचा पहिल्यांदा करणाऱ्याला अंदाजच नसतो. २४ ब्रिक्सच्या, म्हणजे ढोबळमानाने पाव भाग साखर असलेल्या एका लिटर रसातून साधारण ६० लिटर गॅस सुटतो! त्याचे बुडबुडे वर येताना सालांच्या खाली अडकतात आणि सालांना उचलून वर नेतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टबावर सहा-आठ इंचांचा घट्ट थर बसतो. ही कॅप. वरून दाबलं तर हाताला गच्च भिजवलेल्या गादीसारखी लागते आणि कान जवळ नेला तर आतून बारीक चुरचुर आवाज येत असतो.

आता अडचण अशी की रंग आणि टॅनिन आहे वर, आणि ज्यात ते उतरायला पाहिजे तो रस आहे खाली. चहाची पुडी कपाच्या काठावर लटकवून ठेवल्यासारखं होतं ते. थर तसाच सोडला तर वाईन फिकी होते. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला माझ्या आईने सांगितली, जिने आयुष्यात कधी वाईन केली नव्हती.

मी पहिल्यांदा वाईन केली त्या वर्षी आई साताऱ्याहून आली होती. गॅरेजमध्ये टबावरचं फडकं उचलून तिने आत बघितलं, वरचा थर कडेला थोडा सुकला होता, आणि ती लगेच म्हणाली, "अगं, हे लोणच्यासारखंच की. फोडी खाराच्या वर राहिल्या की बुरा धरणारच." शंभर टक्के बरोबर. कैरीच्या फोडी खारात बुडलेल्या असल्या की वर्षभर टिकतात आणि वर उघड्या राहिल्या की पहिल्यांदा तिथेच बिघडतं. वाईनच्या कॅपचंही तेच. वरचा थर हवेशी संपर्कात, कोमट, ओलसर, आणि आत नुकतंच तयार झालेलं अल्कोहोल, म्हणजे व्हिनेगर करणाऱ्या बॅक्टेरियाला याहून चांगली जागा नाही. त्यांना हवा लागते आणि हवा फक्त वरतीच आहे. ते अल्कोहोलचं ॲसेटिक ॲसिड करतात, सोबत नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येणारं एक द्रव्य तयार होतं, आणि हा वास एकदा वाईनमध्ये उतरला की घरच्या घरी तो काढता येत नाही. चिलटं हे बॅक्टेरिया पायावर घेऊन येतात, म्हणून टबावर सुती कापड ताणून इलॅस्टिकने बांधायचंच, पण नुसत्या कापडाने भागत नाही, थर दिवसातून दोन-तीनदा बुडून ओला व्हायला पाहिजे.

तिसरं कारण उष्णता. यीस्ट काम करतं तेव्हा गरम होतं, आणि ती उष्णता चोथ्यात अडकून राहते, गोधडीत राहावी तशी. मी लांब दांडीचा थर्मामीटर घालून बघितलं तेव्हा कॅपच्या मधोमध ३४ अंश सेल्सिअस होतं आणि फूटभर खाली रसात २६. थर बुडवून फिरवल्यावर पाच मिनिटांत सगळीकडे २८-२९. यीस्टला ३५ च्या पुढे त्रास व्हायला लागतो, आणि मग ते अर्ध्यात थांबतं, साखर तशीच राहते आणि सडक्या अंड्यासारखा वासही सुटू शकतो. म्हणजे ही पाच मिनिटांची ढकलाढकली रंगासाठी आहे, बिघाड टाळायला आहे आणि ताप उतरवायलाही आहे. सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत तिच्यामुळे यीस्टला थोडी हवाही मिळते, जी त्याला वाढायला हवी असते.

झिनफंडेलमध्ये अजून एक गंमत आहे. हा घड एकसारखा पिकत नाही, एकाच घडात काही मणी कच्चे, काही बरोबर आणि काही सुकून मनुका झालेले असतात. त्या मनुकांतली साखर पहिल्या दिवशी मोजमापात येतच नाही, त्या भिजून फुगल्यावर हळूहळू रसात उतरते, त्यामुळे पहिल्या दिवशी हायड्रोमीटर, म्हणजे साखर मोजायची काचेची नळी, २४ ब्रिक्स दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी २५. मनुका वर सुक्या राहिल्या तर ही साखर उशिरा उतरते, यीस्ट दमलेलं असताना. म्हणून झिनफंडेलला बुडवणं जास्तच महत्त्वाचं.

आता अवजाराकडे. आणि इथे मला एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे, की आपल्याला थर बुडवायचा आहे, ठेचायचा नाहीये. मॅशर हे ठेचायचं अवजार आहे. बटाटा, वाटाणा, फ्लॉवर तव्यावर रगडायला त्याच्या तारा किंवा भोकं बनवलेली आहेत. द्राक्षं तर आपण आधीच चिरडून टाकलेली आहेत, आता जे काही रगडलं जाणार त्यात सालाचा लगदा होतो आणि मुख्य म्हणजे बिया फुटतात. द्राक्षाची बी चावून बघा एकदा, कडवट, तुरट, जीभ आखडते. अख्ख्या बियांतून टॅनिन हळूहळू उतरतं, फुटलेल्या बियांतून एकदम उतरतं. आणि लगदा जितका बारीक तितका पुढे वाईन निवळायला वेळ लागतो, कारबॉयच्या, म्हणजे वाईन साठवायच्या मोठ्या बाटलीच्या, तळाला गाळाचा जाड थर बसतो आणि हाती वाईन कमी येते.

पहिल्या वर्षी मी मॅशरच वापरला होता, स्टीलचा, सातच वर्षांपूर्वी पुण्याहून आणलेला. दांडा इतका आखूड की हात कोपरापर्यंत रसात, आणि मॅशर थरात नुसतं भोक पाडून खाली जायचा, आजूबाजूची सालं जागच्या जागी. मग मी जोर लावून सगळीकडे आपटत सुटले. आई दारात उभी होती, म्हणाली, "ठेचू नकोस गं, नुसतं बुडव." तेव्हा मला ते पटलं नव्हतं. त्या वर्षीची वाईन दोन वर्षं ठेवूनही शेवटाला कडवटच लागायची, आणि माझं मत विचाराल तर ते त्या आपटण्यामुळेच.

थोडं गणित करू, सोपंच आहे. आमच्याकडे ३२ गॅलनचा रबरमेड ब्रूट टब आहे, खाद्यपदार्थांना चालणाऱ्या प्लास्टिकचा, इथे घरी वाईन करणारे बरेच जण हाच वापरतात. वरचा व्यास साधारण २२ इंच, म्हणजे वरच्या थराचं क्षेत्रफळ ३८० चौरस इंचांच्या आसपास. चार इंची मॅशरचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस इंच. म्हणजे प्रत्येक जागा एकदा दाबायची तरी तीस वेळा दाबावं लागणार. लांब दांड्याच्या टोकाला आठ इंची गोल तबकडी बसवलेलं अवजार असेल तर तबकडीचं क्षेत्रफळ ५०, म्हणजे आठ-दहा वेळा दाबलं की सगळा थर खाली. मग बारा इंची का नाही घ्यायची? कारण थराचा विरोध तबकडीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो, बारा इंची तबकडीला ११३ चौरस इंचांवर जोर लावायचा, म्हणजे आठ इंचीच्या दुपटीहून जास्त. जोमात आलेल्या फर्मेंटेशनची कॅप खरंच कडक असते, त्यावर बारा इंची तबकडी ठेवून माणूस अक्षरशः अंगाचा भार टाकतो आणि मग थर एकदम सुटतो तेव्हा तोल जाऊन रस भिंतीपर्यंत उडतो. मला स्वतःला सात इंची सगळ्यात बरी वाटते, माझ्या नवऱ्याला आठ इंची. मनगट किंवा खांदा दुखणारा असेल तर सरळ सहा इंची घ्या, चार-सहा दाब जास्त द्यावे लागतील इतकंच.

तबकडीला भोकं हवीत. भोकं नसली की खाली दाबताना कडेने रसाच्या चिळकांड्या उडतात आणि वर ओढताना चिखलात पाय रुतल्यासारखी ती धरून ठेवते, दम लागतो. भोकं बोटाएवढी पुरतात, रस आणि गॅस त्यातून वाट काढतो. काही अवजारांना तबकडीऐवजी अधिक चिन्हासारख्या आडव्या-उभ्या पट्ट्या असतात, त्या खूप जाड थराला आधी फोडायला बऱ्या, पण फोडल्यावर सालं खाली धरून ठेवायला तबकडीच हवी. तबकडीची कड गोल घासलेली पाहिजे. धारदार कड टबाला आतून ओरखडे पाडते आणि प्लास्टिकच्या ओरखड्यात जे जाऊन बसतं ते ब्रशनेही निघत नाही.

दांडा किती लांब? टब जमिनीवर ठेवून त्याच्याजवळ सरळ उभं राहायचं, तबकडी थराच्या खाली गेलेली असताना मूठ साधारण कमरेशी यायला पाहिजे. माझ्या उंचीला ३६ इंच पुरतो, उंच माणसाला ४२. वर आडवी टी-आकाराची मूठ असली तर दोन्ही हातांनी जोर लावता येतो, नुसता सरळ गोल दांडा ओल्या हातातून फिरतो. आणि टबाच्या तळापर्यंत जायचं नाही! बिया गरातून सुटल्या की तळाला जाऊन बसतात, आणि तबकडी तळावर आपटली की त्या तिच्या आणि तळाच्या मध्ये खलबत्त्यात सापडल्यासारख्या होतात. मी दांड्यावर एक नायलॉनचा टाय आवळून ठेवलाय, तो टबाच्या काठाला टेकला की तबकडी तळापासून चार इंच वर असते, तिथे थांबायचं.

धातू कुठला हा प्रश्न फार जण विचारत नाहीत आणि तिथेच चुकतात. मस्ट आंबट असतं, पीएच साधारण साडेतीनच्या आसपास, आणि त्यात ते आठवडा-दहा दिवस रोज तीनदा बुडणार. साधं लोखंड, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, जस्ताचा मुलामा दिलेलं काहीही, यातलं एकही नको. ॲसिडमध्ये हे विरघळतं, वाईन गढूळ होते, चव बिघडते, आणि जस्त तर पोटात जायलाच नको. ताक किंवा चिंचेचं सार आपण कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवत नाही, तेच कारण. स्टेनलेस स्टील ३०४ ग्रेडचं घ्या. सगळ्यात जास्त फसवतात ते बोल्ट आणि नट, तबकडी चांगल्या स्टीलची असते आणि मधला बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातला मुलामा दिलेला, दोन दिवसांत करडा पडतो. तोसुद्धा स्टेनलेसचाच पाहिजे.

मला स्वतःला फटका बसला तो वेगळ्याच ठिकाणी. दुसऱ्या वर्षी मी तयार अवजार विकत आणलं, दिसायला चकचकीत, दांडा पोकळ पाइपचा. तिसऱ्या हंगामात धुऊन तबकडी खाली करून टांगलं आणि खाली फरशीवर थेंब थेंब तपकिरी पाणी पडायला लागलं. वास घेतला तर व्हिनेगर. जिथे दांडा तबकडीला वेल्ड केला होता तिथे सुईच्या टोकाएवढं छिद्र राहून गेलं होतं, त्यातून दरवेळी थोडा रस पाइपमध्ये शिरायचा, आतल्या आत आंबायचा आणि पुढच्या वेळी तोच आंबट रस माझ्या नव्या मस्टमध्ये सुटायचा. म्हणजे इतकं जपून, धुऊन, निर्जंतुक करून मी रोज तीनदा स्वतःच्या हाताने व्हिनेगरचं विरजण लावत होते. ते अवजार मी टाकून दिलं. तेव्हापासून घेताना मी तीन गोष्टी बघते, दांडा भरीव आहे का किंवा पोकळ असेल तर दोन्ही टोकं पक्की बंद आहेत का, वेल्ड बोट फिरवल्यावर गुळगुळीत लागतं का, आणि पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलं तर कुठून बुडबुडे येतात का. तिसरी परीक्षा सगळ्यात खात्रीची आणि तिला एक मिनिट लागतं.

लाकडी अवजारं सुंदर दिसतात, ओक किंवा मेपलची, आणि पूर्वी लाकडीच असायची. वापरायला हरकत नाही पण लाकडाला छिद्रं असतात, रस आत मुरतो, आणि वाईनला तबेल्यासारखा वास आणणारं एक रानटी यीस्ट असतं, ब्रेटानोमायसेस, ते लाकडात ठाण मांडून बसतं. तरीही लाकूडच हवं असेल तर पॉलिश किंवा वॉर्निश नसलेलं कच्चं कठीण लाकूड घ्या, दरवेळी कढत पाण्याने धुवा, उन्हात कडकडीत वाळवा, आणि काळे डाग दिसले की जीव अडकवून न घेता बदला. पाइन नको, त्याला राळ असते.

घरी बनवायचं असेल तर मला सर्वात पटलेला प्रकार म्हणजे भाजी चिरायचा जाड पांढरा प्लास्टिकचा पाट, जो एचडीपीईचा असतो, त्यातून सात इंची गोल कापायचा, त्याला अर्ध्या इंचाची दहा-बारा भोकं पाडायची, कड सँडपेपरने गोल करायची, आणि मेपलचा भरीव दांडा स्टेनलेस बोल्टने बसवायचा. बोल्टाचं डोकं तबकडीत खोलगट बसेल असं करा, म्हणजे टबाला घासत नाही. हंगाम संपला की उघडून तबकडी आणि दांडा वेगळे करून धुता येतात, ही याची खरी जमेची बाजू. पाणी न्यायच्या पीव्हीसी पाइपचंही लोक करतात, पण तो पोकळ असतो आणि पोकळ वस्तूचं काय होतं ते वर सांगितलंच.

पाच-सहा गॅलनची बादली असेल तर यातलं काहीच लागत नाही. लांब दांड्याचा स्टीलचा झारा पुरतो, किंवा कोपरापर्यंत स्वच्छ धुतलेला हात. हात खरं तर फारच चांगलं अवजार आहे, मऊ आहे, बी फोडत नाही, आणि कुठे गरम आहे, कुठे सालं अजून टणक आहेत हे हाताला लगेच कळतं. पोर्तुगालात डोरो नदीच्या खोऱ्यात पोर्ट वाईनसाठी ग्रॅनाईटच्या उथळ हौदांत, ज्यांना लागार म्हणतात, माणसं रांगेने उतरून पायांनी तुडवत आली आहेत, अजूनही काही ठिकाणी तुडवतात. फ्रान्समध्ये बरगंडीतही माणसं टाकीत उतरून अंगाने थर बुडवायची, तिथे या कामाला पिजाझ म्हणतात. पायाचा तळवा रुंद असतो, मऊ असतो, आणि भार हळू टाकतो. चांगल्या अवजाराने या तळव्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जावं असं मला वाटतं.

याच्या उलट टोकाला अर्ध्या टनाचा बिन, म्हणजे अर्धा टन द्राक्षं मावणारा मोठा खोका. तिथे थर फूटभराहून जाड असतो आणि हाताने करायचं तर वर आडवी फळी टाकून तिच्यावर उभं राहून लांब दांड्याने करावं लागतं. एकट्याने हे अजिबात करू नका, आणि हे मी पडण्याच्या भीतीने म्हणत नाहीये फक्त. टबातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो बिनच्या आत थराच्या वर साचून राहतो, बंद गॅरेजमध्ये जमिनीलगत पसरतो, आणि त्याच्यात डोकं घातलं तर एक-दोन श्वासांत माणूस बेशुद्ध पडू शकतो. वायनऱ्यांमध्ये अशाने माणसं गेलेली आहेत, आणि पहिल्याला काढायला उतरलेला दुसराही गेलेला आहे. घरच्या टबाला इतका धोका नसतो पण सवय तीच लावायची, आधी गॅरेजचं दार पूर्ण वर, पंखा लावायचा, दोन मिनिटं थांबायचं, मग फडकं काढायचं, आणि टबात वाकून वास घ्यायचा नाही, रस कपात काढून बाहेर घ्यायचा. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं जमिनीच्या जवळ असतात, त्यांना तिथे फिरकू द्यायचं नाही. लांब दांड्याचं अवजार घ्यायचं हेही एक मोठं कारण, तोंड लांब राहतं.

आता बुडवायचं कसं. नवीन माणूस थराच्या मधोमध तबकडी ठेवून जोर लावतो, आणि थर हलत नाही, कारण खालच्या गॅसला आणि रसाला वर यायला वाटच नाही. कडेला एका ठिकाणी सुरुवात करा. तिथे तबकडी थोडी तिरकी धरून आधी एक भोक पाडा, त्यातून फसफस करत जांभळा फेस वर येईल, तो बसू द्या. मग त्या भोकाच्या लगतचा भाग त्याच्यात ढकला, मग त्याच्या लगतचा, असं करत गोल फिरत या, पोळीच्या कडेने लाटणं फिरवतो तसं. प्रत्येक वेळी खाली नेल्यावर दोन सेकंद तिथे धरून ठेवा म्हणजे सालं रस पितात, आणि वर हळू आणा. शेवटी वर कुठेही कोरडं साल दिसता कामा नये, सगळा पृष्ठभाग ओला, चमकदार, फेसाळ दिसला की झालं. पाच मिनिटांच्या आत होतं. टबाच्या आतल्या बाजूला वर चिकटलेली सालं स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून घ्या, चिलटं पहिली तिथेच बसतात. आणि टब मुळात दोन-तृतीयांशच भरा. आम्ही ३२ गॅलनच्या टबात २०० पाउंड द्राक्षं घालतो, ९० किलोच्या आसपास, वर तीस-पस्तीस टक्के जागा उरते आणि ती लागतेच.

किती वेळा? भर जोमात असताना दिवसाला तीनदा, आमचं सकाळी सातला, संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर आणि झोपताना असं ठरलेलं आहे. अगदी सुरुवातीला, थर अजून पातळ असताना, दोनदा पुरे. आणि शेवटी, साखर पाच-सहा ब्रिक्सच्या खाली आली की हात आवरता घ्यायचा, दिवसातून एकदाच आणि अगदी हळू. याचं कारण बियांवर एक मेणासारखं आवरण असतं, पाण्यात त्याला फारसं काही होत नाही पण अल्कोहोलमध्ये ते सुटायला लागतं, म्हणजे आठवड्याच्या शेवटी बिया जास्त तुरटपणा सोडायला लागतात, तेव्हा जितकं घुसळाल तितकी वाईन जास्त तुरट होत जाते. दुसरं म्हणजे गॅस कमी झालेला असतो, आतापर्यंत थरावर गॅसची जी जड चादर होती, जी हवेला लांब ठेवायची, ती आता नसते, त्यामुळे प्रत्येक वेळी फडकं उघडणं म्हणजे हवा आत घेणं.

धुण्याबद्दल. वापरायच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा, आधी साध्या पाण्याने सालं काढून टाका, मग पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि थोडं सायट्रिक ॲसिड घातलेल्या पाण्यात बुडवा. त्याचा वास नाकात झोंबतो, दमा असेल त्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावं. ब्लीच मात्र वाईनच्या आसपास आणायचं नाही, कारण क्लोरीन, लाकूड आणि बुरशी एकत्र आली की टीसीए नावाचं द्रव्य तयार होऊ शकतं आणि त्याचा ओल्या पुठ्ठ्यासारखा, कुबट वास अगदी कणभर असला तरी सगळी वाईन मारून टाकतो. दोन वापरांच्या मध्ये अवजार टबातच उभं करून ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते, दांड्याला लागलेला रस वर सुकतो आणि चिलटं बसतात. माझं अवजार गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला तबकडी खाली करून टांगलेलं असतं, त्याच्याखाली एक पांढरं फडकं पसरलेलं, आणि सकाळी आधी मी त्या फडक्यावर तपकिरी थेंब पडलाय का ते बघते, मग टबाकडे वळते.

आठव्या-नवव्या दिवशी कधीतरी सकाळी फडकं काढल्यावर थर कालच्या इतका वर नसतो, मध्ये खळगा पडलेला असतो, तबकडी टेकवली की विरोधच न करता खाली जाते, आणि हायड्रोमीटर शून्याच्या खाली गेलेला असतो. त्या दिवशी बुडवायचं नाही, सालं पिळून वाईन काढायचा प्रेस बाहेर काढून धुवायला घ्यायचा.